जुन्या गाडीचे सस्पेन्शन बुश ग्रुपने मिळून बनवून घ्यायचेत? मग सुरुवात इथून करा

जिप्सी, पद्मिनी, कॉन्टेसा, एस्टीम नाहीतर जुनी ८००, यातलं काहीही तुमच्या दारात उभं असेल तर सस्पेन्शनच्या रबराचं दुखणं मी वेगळं सांगायला नको. ओरिजिनल बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या जोडात बसणारं रबराचं नळकांडं, मागितला की दुकानदार नुसती मान हलवतो, चुकून मिळालाच तर तो कुठल्यातरी गोडाऊनमध्ये दहा-बारा वर्षं पडून कडक झालेला असतो, कारण रबर गाडीला न लावता नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतंच, आणि लोकल माल पहिल्या पावसाळ्यात चेपतो दुसऱ्यात फाटतो की परत तोच खडखडाट. यावर इलाज आहे आणि तो आपल्याच राज्यात आहे. पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनचे बुश ओतून देणारी आणि लेथवर पिना आणि स्लीव्ह (बुशच्या आतली स्टीलची नळी) काढून देणारी छोटी वर्कशॉपं भोसरी, चाकण, नाशिकचं सातपूर-अंबड, संभाजीनगरचं वाळूज, कोल्हापूरचं उद्यमनगर अशी सगळीकडे आहेत. फक्त एका गाडीचा सेट तिथे कोणी मनावर घेत नाही, आणि घेतलाच तर किंमत ऐकून माणूस गप्प घरी येतो. म्हणून तीस-चाळीस जणांनी मिळून एकदाच माल काढायचा.

मी इथे उदाहरण सगळीकडे जिप्सीचं घेणार आहे. १९८५ पासून २०१८-१९ पर्यंत ही गाडी बनली, चारही बाजूंना साधे कमानपाटे, त्यामुळे पार्ट समजायला सोपे आणि गाड्या अजून भरपूर चालू आहेत. तुमची गाडी दुसरी असली तरी कामाची पद्धत हीच.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. असं काम उत्साहावर चालत नाही, ते यादीवर आणि ड्रॉइंगवर चालतं. यादी पक्की नाही आणि ड्रॉइंग पक्कं नाही तोपर्यंत कोणाचा एक रुपया पण वर्कशॉपकडे सरकता कामा नये.

पहिलं काम : एकच पार्ट निवडा

सुरुवातीला सगळ्यांना सगळंच हवं असतं. कोणी म्हणतो पाटे पण करू, कोणी म्हणतो शॉकअप पण बघा ना, कोणाला गाडी दोन इंच उचलायचीय. नाही. पहिल्यांदा करताय तर बुश करा, फक्त बुश. कारण असंय की बुश फसला तर गाडी आवाज करते, फार तर भटकते, आणि जुना रबर परत लावता येतो. पाटा किंवा स्प्रिंग फसली तर चालत्या गाडीत तुटते. शिवाय पाटे म्हणजे ईएन ४५ किंवा एसयूपी ९ सारखं स्प्रिंग स्टील, त्याचं हीट ट्रीटमेंट, शॉट पीनिंग, नंतर दाबून बसवणं, हे सगळं नीट करणारा भट्टीवाला छोटा लॉट सहसा घेतच नाही. शॉकअपमध्ये आतले वॉल्व आणि सील आले, ते तर अजून पुढचं प्रकरण आहे.

आता पीयू सगळीकडे चालतो असं पण नाहीये आणि हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. कंपनीचा जो बाँडेड रबर बुश असतो, म्हणजे बाहेरची नळी आतली नळी आणि मध्ये चिकटवलेलं रबर, तो स्वतः पिळला जाऊन हालचाल करतो, आणि थोडा तिरका पण होऊ शकतो. पीयू पिळला जात नाही, तो पिनेभोवती गोल फिरतो. म्हणून जिथे नुसती दाराच्या बिजागरीसारखी एका दिशेची हालचाल आहे, जसं पाट्याचा डोळा (पाट्याच्या टोकाचं गोल वळवलेलं भोक), शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी), अँटी रोल बारचे (वळणावर गाडी कलणं कमी करणाऱ्या दांड्याचे) क्लँप, तिथे पीयू झकास. पण जिथे आर्मला (चाक धरणाऱ्या दांड्याला) एकाच वेळी दोन-तीन दिशांना वाकायचंय तिथे कडक पीयू घातला तर सस्पेन्शन अडकतं आणि सगळा ताण ब्रॅकेटवर जातो, मग महिन्या-दोन महिन्यांनी ब्रॅकेटच्या वेल्डला चीर दिसते. एस्टीम किंवा पद्मिनीवाल्यांनी त्यामुळे प्रत्येक जागा हाताने हलवून बघावी, तिथे आर्म नक्की कसा फिरतो ते समजून घ्यावं आणि मगच ती जागा यादीत घ्यावी. जिप्सीवाल्यांचं नशीब चांगलं, प्रत्येक पाट्याला तीन जागा, एक चेसिसला फिक्स असलेला डोळा, एक शॅकलकडचा डोळा आणि एक शॅकलची चेसिसवरची जागा. चार पाटे म्हणजे बारा जागा, आणि प्रत्येक जागी टोपीसारखे दोन अर्धे बुश असे केले तर चोवीस तुकड्यांचा एक सेट.

कायद्याचं पण इथेच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की आरसीवर नोंदलेला तपशील आणि कंपनीचं मूळ स्पेसिफिकेशन यात फरक पडेल असा बदल गाडीत करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण हेच कडकपणे सांगितलंय. त्यामुळे आपला पार्ट मूळ मापाचाच हवा, उंची तीच, ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) तोच, फक्त मटेरियल चांगलं. ग्रुपमध्ये कोणी लिफ्टचा, म्हणजे गाडी उचलायचा, विषय काढलाच तर तो वेगळा ठेवा, या कामात मिसळू नका.

दुसरं काम : यादी

ग्रुपवर विचारलं की पन्नास जण अंगठा दाखवतात. अंगठा म्हणजे ऑर्डर नाही. तुम्ही एक साधी शीट करा, त्यात नाव, गाव, गाडीचं मॉडेल आणि वर्ष, पाटे कंपनीचे आहेत का बाहेरून बसवलेले, किती सेट हवेत, एवढंच. आणि टोकन ठेवा, पाचशे रुपये पुरेत, जे काम झालं नाही तर पूर्ण परत मिळतील आणि काम झालं तर शेवटच्या रकमेत वळते होतील. टोकन मागितल्यावर यादी जवळजवळ अर्धी होते असा सगळीकडचा अनुभव आहे, त्यात वाईट वाटून घेऊ नका, उरलेली यादी खरी असते आणि तुम्हाला खरीच यादी हवीय.

वर्ष आणि मॉडेलचा रकाना का हवा, तर एकाच नावाच्या गाडीत मधल्या काळात बदल झालेले असतात. जिप्सीत सुरुवातीची अरुंद ट्रॅकवाली, नंतरची वाइड ट्रॅक, मग १९९६ ची किंग. सगळ्यांना एकच बुश बसेल असं गृहीत धरू नका, मोजा. दोन मापं निघाली तर दोन सेट वेगळ्या नावाने ठेवा, अ आणि ब, आणि प्रत्येक माणसाने स्वतः मोजून फोटो टाकला की मगच त्याच्या नावापुढे अ किंवा ब लिहा.

तिसरं काम : मापं, इथे वेळ घालवा

या टप्प्यावर जेवढे दिवस जातील तेवढे जाऊ द्या. निदान चार-पाच गाड्यांची मापं घ्या, एका गाडीवर कधीच जाऊ नका, कारण जुन्या गाडीचा पाट्याचा डोळा घासून अंडाकृती झालेला असतो, कधी पाटा आधीच बदललेला असतो आणि तो बाजारातला पाटा कंपनीच्या मापाचा नसतो. जिथे मिळेल तिथे एखादा न वापरलेला ओरिजिनल बुश मिळवा, निदान मापासाठी उसना. घासलेल्या बुशवरून माप घेतलं तर तुम्ही झीज मोजताय, पार्ट नाही.

काय मोजायचं? डोळ्याचा आतला व्यास, दोन दिशांनी आणि दोन्ही टोकांना. डोळ्याची रुंदी. शॅकलच्या दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा. पिनेचा किंवा बोल्टचा व्यास. नुसत्या व्हर्नियरने आतला व्यास नीट येत नाही, त्याचे जबडे गोल भोकात थोडं कमी दाखवतात, म्हणून टेलिस्कोपिक गेज नाहीतर बोअर गेज वापरा, ते नसेल तर ओळखीच्या टर्नरकडे गाडी घेऊन जा, तो पाच मिनिटात मोजून देतो. मोजायच्या आधी डोळ्यातला गंज वायर ब्रशने काढा, गंजाचा थर पण माप बिघडवतो.

मग बसणी ठरवायची. बुशचा बाहेरचा व्यास डोळ्यापेक्षा किंचित जास्त हवा, इतका की तो हाताने जोर लावून नाहीतर वाइसमध्ये दाबून बसला पाहिजे, हातोडा लागत असेल तर जास्त झालं आणि सहज घसरत असेल तर कमी. आणि जिथे बुशच्या आत स्टीलची स्लीव्ह आहे तिथे स्लीव्हची लांबी दोन्ही अर्धे बुश जोडून जी एकूण लांबी होते त्यापेक्षा थोडीशी जास्त हवी, साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर. हे माप सगळ्यात महत्त्वाचं आहे. बोल्ट कसला की तो स्लीव्हला आवळतो आणि बुश तिच्याभोवती मोकळा फिरतो. स्लीव्ह आखूड पडली तर बोल्ट पीयूलाच दाबून धरतो, पाटा हलायला तयार होत नाही, गाडी दगडासारखी चालते आणि लोक म्हणतात पीयू कडकच असतो. दोष पीयूचा नसतो हो, स्लीव्ह आखूड असते.

चौथं काम : ड्रॉइंग

वर्कशॉपला नमुना देऊन ‘असाच काढून द्या’ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे आणि उद्यमनगरचे कारागीर नमुन्यावरून खरंच अप्रतिम काम काढतात, पण चाळीस सेटसाठी ते पुरत नाही, कारण उद्या माप चुकलं तर चुकलं कशाच्या तुलनेत हे दाखवायला कागद लागतो. ग्रुपमध्ये एखादा मेकॅनिकल डिप्लोमा किंवा इंजिनियरिंग केलेला असतोच, त्याला हाताशी धरा. प्रत्येक मापापुढे टॉलरन्स (माप किती कमी-जास्त चालेल), मटेरियल, हार्डनेस, फिनिश, आणि कोपऱ्यात ड्रॉइंग नंबर, तारीख, रिव्हिजन. बदल झाला की रिव्हिजन वाढवायची आणि जुना कागद फाडायचा, वर्कशॉपच्या भिंतीवर चिकटवलेला पण. टॉलरन्स उगाच कडक देऊ नका, पीयूला ओतल्यावर दीड-दोन टक्के आकुंचन असतं आणि ते मटेरियलप्रमाणे बदलतं, तिथे दोन-तीन शतांश मिलिमीटरचा हट्ट धरला तर वर्कशॉपवाला काम घेणार नाही, किंवा घेईल आणि पाळणार नाही. स्लीव्ह स्टीलची आहे, तिला कडक टॉलरन्स चालतो.

हे ड्रॉइंग मग सगळ्यांसमोर ठेवा, एक आठवडा द्या, शंका असेल त्याने त्या आठवड्यात विचारायची. नंतर ते बंद. नंतर कोणीही कितीही चांगली आयडिया आणली तरी ती पुढच्या वेळेला.

मटेरियलबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच फसवणूक होते

पीयू हे एकच मटेरियल नाही. मुख्य दोन घराणी, पॉलिईथर आणि पॉलिएस्टर. पॉलिएस्टरवाला घासायला आणि तेलाला चांगला, पण उष्ण दमट हवेत आणि पाण्यात तो काही वर्षांत आतून कुजायला लागतो, भुसभुशीत होतो. पॉलिईथर पाण्याला टिकतो. कोकण, गोवा, मुंबई, महाबळेश्वर या पट्ट्यात गाडी चालणार असेल तर डोळे झाकून पॉलिईथर, आणि कोटेशनवर तसं लिहून घ्या. नुसतं ‘पीयू’ असं लिहिलेलं कोटेशन परत पाठवा.

हार्डनेस शोअर ए मध्ये मोजतात. कंपनीचं रबर साधारण साठच्या आसपास असतं, बाजारात पीयू ऐंशीपासून पंच्याण्णवपर्यंत मिळतो. रेसिंगवाले नव्वदच्या वर जातात, तुम्ही जाऊ नका. जिप्सीचे पाटे आधीच कडक, तिथे ऐंशी शोअर ए पुरेसा आहे, बसायला घट्ट आणि कमरेला त्रास नाही. अधिक-उणे पाच धरून चाला. हार्डनेस मोजायला ड्युरोमीटर लागतो आणि तो सपाट जागेवर, निदान सहा मिलिमीटर जाडीवर टेकवायचा असतो, बुशच्या गोल अंगावर टेकवून आकडा खोटा येतो. म्हणून वर्कशॉपला सांगा, प्रत्येक बॅचबरोबर त्याच मटेरियलची एक सपाट वडी ओतून द्यायची, चेकिंग तिच्यावर.

ओतण्याच्या आधी जर मटेरियलमध्ये हवेतला ओलावा शिरला तर त्यातून गॅस सुटतो आणि आत बुडबुडे राहतात, जे बाहेरून दिसत नाहीत. म्हणून ज्याच्याकडे व्हॅक्युम करायची सोय आणि ओव्हन आहे त्याच्याकडेच जा, आणि शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये ओतकाम ठेवू नका. ओव्हनमधून निघाल्यावर पण साधारण आठवडाभर मटेरियलची पूर्ण ताकद यायची असते, तोवर बुश गाडीला लावायचा नाही. आणि कोणी म्हणालं की किट आणून घरीच ओतू, तर त्याला प्रेमाने थांबवा. यातलं आयसोसायनेट श्वासातून गेलं तर कायमचा दमा लागू शकतो, आणि काही क्युरिंगची, म्हणजे पीयू घट्ट करायची, केमिकल कॅन्सर करणारी आहेत. हे काम हवा खेळती असलेल्या शेडमध्ये, मास्क-हातमोजे घालून, ज्याचं रोजचं आहे त्यानेच करायचं.

स्लीव्हसाठी सीमलेस नळी घ्या, जोडवाली ईआरडब्ल्यू नको, तिच्या आतल्या शिवणीमुळे बोल्ट अडतो. वर झिंक प्लेटिंग, आठ ते बारा मायक्रॉन. पावडर कोटिंग बसणीच्या जागी चालत नाही, ते साठ-ऐंशी मायक्रॉनचा थर चढवतं आणि तुमची सगळी बसणी बिघडवतं. बोल्ट मात्र बनवत बसू नका, नामांकित कंपनीचे ग्रेड ८.८ किंवा १०.९ चे तयार घ्या. आणि १०.९ च्या बोल्टला चमक यावी म्हणून कोपऱ्यावरच्या प्लेटिंगवाल्याकडे अजिबात टाकू नका, प्लेटिंगच्या आम्लात हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो आणि बोल्ट ठिसूळ होतो, त्याला नंतर काही तासांच्या आत ओव्हनमध्ये दोनशे अंशांच्या आसपास भाजावं लागतं आणि छोटा प्लेटर ते करत नाही. असा बोल्ट कसल्यावर दुसऱ्या दिवशी उभ्या गाडीत तुटू शकतो, आणि सस्पेन्शनचा बोल्ट तुटणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

पाचवं काम : वर्कशॉप शोधणं आणि त्यांच्याशी बोलणं

तीन ठिकाणी जा, फोनवर कोटेशन मागू नका. ड्रॉइंग, नमुना आणि नक्की आकडा घेऊन जा, ‘साधारण तीस-पन्नास सेट लागतील’ असं बोलणाऱ्याला चहा मिळतो, काम मिळत नाही. ही माणसं मोठ्या कंपन्यांचं रोजचं काम करत असतात, तुमचं काम त्यांच्यासाठी मधलं भरणीचं आहे हे समजून घ्या, त्यांच्या वेळेला मान द्या, आणि उगाच घासाघीस करू नका. शंभर रुपये पाडून घेतले की ते शंभर रुपये मटेरियलमधून जातात. पिंपरी-भोसरीकडे जाताना गुरुवार टाळा, तिथे सुट्टी असते. दसऱ्याला मशीनची पूजा, मग दिवाळीत कामगार गावाला, मग मार्च एंडची धावपळ, हे सगळं धरून तारीख मागा. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, हवा पण कोरडी असते.

भेटीत काय बघायचं? शेडमध्ये चालू असलेला माल बघा, त्यांच्या टाकाऊ डब्यात काय पडलंय ते बघा, तो डबा खूप काही सांगतो. मोजायची साधनं कुठे ठेवलीत ते बघा. मालकाला विचारा की पॉलिईथर का पॉलिएस्टर, आणि तो जर ‘सगळं सारखंच हो’ म्हणाला तर नमस्कार करून निघा.

अजून एक प्रश्न, मोल्ड (ओतायचा साचा) करायचा का पीयूचा रॉड आणून लेथवर बुश काढायचे. दहा-पंधरा सेट असतील तर लेथ, मोल्डचा खर्च नाही. पण पीयू टर्न करणं कौशल्याचं आहे, हत्यार एकदम धारदार लागतं, नाहीतर मटेरियल तापून दबतं आणि माप हलतं. तीसच्या वर सेट गेले की मोल्डच परवडतो. आणि मोल्डचे पैसे आपण दिले तर मोल्ड आपला, हे ऑर्डरवर लिहून घ्या, मोल्डवर ग्रुपचं नाव कोरून घ्या. हे राहून गेलं की तोच बुश सहा महिन्यांनी दुकानात दिसतो.

सहावं काम : हिशोब

समजा मोल्ड २४,००० चा आणि एका सेटचं मटेरियल-मजुरी-स्लीव्ह धरून २,२०० (हे आकडे फक्त हिशोब समजावा म्हणून घेतलेत, तुमचे वेगळे येतील). चाळीस जण असतील तर मोल्डचे प्रत्येकी ६००, म्हणजे २,८००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ३,३०४. वीसच जण उरले तर मोल्डचे १,२००, म्हणजे ३,४००, जीएसटी धरून ४,०१२. हे दोन्ही आकडे लोकांना आधीच सांगा. ‘चाळीस झाले तर इतके, वीस झाले तर इतके, वीसच्या खाली गेलं तर मोल्ड करायचा नाही’ असं तीन ओळीत लिहून टाका, मग मधे कोणी गळाला तरी भांडण होत नाही. सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांना सरसकट १८ टक्के लागतो, आधी बऱ्याच पार्टला २८ होता, त्यामुळे जुन्या कोटेशनवर आता जाऊ नका. दोन सेट जास्तीचे काढा, एक वाटेत खराब झाला तर बदलायला आणि एक कायम नमुना म्हणून. कुरियर वेगळं, ज्याचं त्याने.

बिनबिलाचं करून टॅक्स वाचवू असं कोणीतरी नक्की म्हणेल. करू नका. बिल नसेल तर माल खराब निघाल्यावर तुमच्या हातात काहीच नाही.

आता पैसे कोणाच्या खात्यात? शक्य असेल तर वर्कशॉपनेच प्रत्येकाच्या नावाने बिल करावं आणि प्रत्येकाने थेट त्यांना पैसे द्यावेत, तुम्ही फक्त यादी सांभाळायची. कारण तुम्ही माल घेऊन लोकांना विकायला लागलात की तुम्ही व्यापारी झालात, आणि जीएसटीत मालासाठी ४० लाखांची जी सूट आहे ती राज्याबाहेर माल विकला तर लागू होत नाही. ग्रुपमध्ये बेळगावचा आणि पणजीचा माणूस असतोच. वर्कशॉपवाला चाळीस बिलं करायला कंटाळतो, मग त्याला सांगा की याद्या पत्ते सगळं आम्ही टाइप करून देतो. तेही नाही जमलं तर ओळखीच्या सीएला एकदा विचारा आणि त्यासाठी वेगळं खातं ठेवा, घरच्या खात्यात हे पैसे मिसळू देऊ नका. रोज संध्याकाळी कोणाचे आले कोणाचे राहिले ते शीटमध्ये, आणि शीट सगळ्यांना दिसणारी. पैसे गोळा करणारा एक आणि हिशोब बघणारा दुसरा असावा, अविश्वास म्हणून नाही, त्या बिचाऱ्या एकट्या माणसाच्या जिवाला शांतता म्हणून.

हप्ते असे ठेवा : टोकन, मग मोल्ड आणि मटेरियलचे पैसे, मग सॅम्पल पास झाल्यावर अर्धे, आणि उरलेले माल तपासून झाल्यावर. वर्कशॉपला शंभर टक्के आधी कधीच नाही.

सातवं काम : सॅम्पल

मोल्डमधून पहिले दोन-तीन सेट काढा आणि थांबा. इथे लोकांचा धीर सुटतो, सगळे मागे लागतात की कधी येणार कधी येणार, पण थांबा. एक सेट घ्या आणि ब्लेडने मधोमध कापा, आत बुडबुडे आहेत का बघा. वडीवर हार्डनेस मोजा. बाकीचे सेट दोन वेगळ्या गाड्यांना लावा, एक रोज शहरात चालणारी आणि एक घाटात खडबडीत जाणारी. ताम्हिणीसारखा रस्ता, खड्डे, चढ, भरलेली गाडी, सगळं होऊ दे, निदान महिनाभर. मग काढून बघा, बुशच्या कडा चेपल्या का, स्लीव्हवर ओरखडे आहेत का, पाटा हाताने सहज फिरतो का. काही बदल करायचा तर आत्ताच, ड्रॉइंगची रिव्हिजन वाढवून.

मेन लॉट आल्यावर प्रत्येक तुकडा मोजायची गरज नाही, प्रत्येक प्रकारातले दहाला एक मोजा, पण स्लीव्ह मात्र सगळ्या मोजा. एक साधी गो-नो गो गेज (माप हद्दीत आहे की नाही एवढंच दाखवणारी) टर्नरकडून करून घेतली की दोन माणसं एका दुपारी सगळ्या स्लीव्ह तपासून मोकळी होतात. हे वर्कशॉपमध्येच करा, माल घरी आणल्यावर नाही.

वाटप आणि बसवणं

प्रत्येक सेटच्या पिशवीत तुकडे मोजून, अ का ब ते लिहून, आणि बसवायची सूचना मराठीत छापून टाका, कारण ती शेवटी गाडीमालक नाही मिस्त्री वाचणार आहे. त्यात हे नक्की लिहा : जुना बुश गॅसने जाळून काढायचा नाही. गॅरेजमध्ये हे सर्रास करतात, पण त्या आचेने पाट्याच्या डोळ्याच्या स्टीलचं पाणी (ताकद) उतरतं आणि पुढे तिथेच तो तुटतो. दाबून काढा, नाहीतर आतली नळी हॅक्सॉने जपून कापा. डोळा घासून स्वच्छ करा. ग्रीस सिलिकॉनचं, पिशवीतच एक छोटी पुडी द्या, साधं चेसिस ग्रीस पहिल्या पावसात धुऊन जातं आणि मग कर्रकर्र आवाज सुरू. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच कसा, आणि ज्या जागी अजून रबरचा बाँडेड बुश राहिलाय तिथला बोल्ट गाडी चाकांवर उभी करून मगच शेवटचा कसायचा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं. पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत तपासा. चारही पाट्यांचे एकदम बदला, नुसते पुढचे बदलून गाडी कशी चालते ते ठरवू नका.

माल पाठवताना पुणे-मुंबईवाल्यांनी एका रविवारी येऊन हातात घ्यावा, बाकीच्यांना कुरियर किंवा एसटी पार्सल. पिशवीचा फोटो काढून ठेवा, एक तुकडा कमी मिळाला असा फोन येतोच आणि बहुतेक वेळा तो पिशवीच्या कोपऱ्यात सापडतो.

तक्रारी तीन महिने एका जागी लिहून ठेवा, कोणाची गाडी, किती किलोमीटर, काय झालं. पाच जणांची एकाच जागेची तक्रार असेल तर ती ड्रॉइंगची आहे, एकट्याचीच असेल तर बहुतेक बसवण्याची, त्याला म्हणावं गाडी घेऊन ये, आपण दोघं मिळून बघू. मोल्डला तेल लावून, कापडात गुंडाळून, ड्रॉइंगच्या शेवटच्या रिव्हिजनसकट एका जबाबदार माणसाकडे ठेवा. पुढच्या वर्षी जे वीस जण विचारायला येतील त्यांना मोल्डचा खर्च नाही, सेट सरळ त्या २,२०० अधिक टॅक्समध्ये पडेल, आणि तोवर पहिल्या यादीतल्या लोकांचे बुश एक पूर्ण पावसाळा खाऊन बसलेले असतील, त्यांच्याकडूनच कळेल की शॅकल आणि पिना आता हातात घ्यायच्या का.